सरकारी प्रशिक्षण सुधारण्यासाठी संशोधन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हा आणि विभागीय प्रशिक्षण केंद्रांतले सत्र संचालक, खात्यांतले प्रशिक्षण समन्वयक, आणि 'पुढील महिन्यात तीन दिवसांचे प्रशिक्षण आयोजित करावे' असे पत्र अचानक हातात पडलेले अधिकारी यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. उदाहरणे बहुतेक महाराष्ट्रातली आहेत. बाहेर कुठे चांगला अभ्यास झाला असेल तर तोही घेतला आहे.

'संशोधन' म्हटले की आमचे लोक घाबरतात. पीएचडी करायची आहे का?

नाही. इथे संशोधन म्हणजे तीन प्रश्नांची पुराव्यानिशी उत्तरे. कर्मचाऱ्यांना नेमके काय जमत नाही? प्रशिक्षणानंतर ते जमू लागले का? आणि जमू लागले असेल तर ते प्रशिक्षणामुळेच का? पहिल्यासाठी संचिका वाचाव्या लागतात. दुसऱ्यासाठी दोन-तीन महिन्यांनी कार्यालयात जावे लागते. तिसऱ्यासाठी थोडी आकडेमोड लागते, पण त्याहून जास्त लागते ती पूर्वतयारी, म्हणजे नामनिर्देशन मागवण्याआधीच केलेला विचार.

शासनाच्या धोरणात याला आधार आहे का?

आहे. केंद्र सरकारचे पहिले राष्ट्रीय प्रशिक्षण धोरण १९९६ चे आणि सुधारित धोरण २०१२ चे. सुधारित धोरणाने प्रत्येक खात्याने वेतनावरील तरतुदीच्या २.५ टक्के रक्कम प्रशिक्षणासाठी राखून ठेवावी असे सांगितले. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'मिशन कर्मयोगी' हा सरकारी कर्मचाऱ्यांच्या क्षमता वाढवण्याचा कार्यक्रम मंजूर केला, २०२१ मध्ये क्षमता बांधणी आयोग आला आणि २०२२ मध्ये प्रशिक्षण संस्थांसाठी राष्ट्रीय मानके आली. गरजांचे विश्लेषण आणि प्रशिक्षणाचे मूल्यमापन हे दोन्ही त्या मानकांत आहेत. आपल्याकडे परंपरा त्याहून जुनी आहे. मुंबईत १९६३ साली प्रशासकीय कर्मचारी महाविद्यालय निघाले, ते १९८४ मध्ये पुण्याला आले आणि १९९० पासून ते 'यशदा' (यशवंतराव चव्हाण विकास प्रशासन प्रबोधिनी) म्हणून ओळखले जाते. थोडक्यात, 'कशाच्या आधारे करता?' असे कोणी विचारले तर दाखवायला कागद भरपूर आहेत. अडते ते करण्यापाशी.

सुरुवात कुठून करायची?

गरज शोधण्यापासून, आणि तीही कार्यालयांना पत्र पाठवून नव्हे. 'आपल्या अधिनस्त कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणविषयक गरजा कळवाव्यात' या पत्राला येणारी उत्तरे सगळ्यांना पाठ आहेत : संगणक, तणावमुक्ती, व्यक्तिमत्त्व विकास. उत्तर लिहिणाऱ्यालाही ते पत्र निकाली काढायचे असते.

त्यापेक्षा चुका जिथे आधीच नोंदल्या जातात तिथे जा. माहिती अधिकाराचे उदाहरण घ्या. जन माहिती अधिकाऱ्यांची एक दिवसाची प्रशिक्षणे दरवर्षी होतात. वेळापत्रक साधारण ठरलेले असते : कायद्याचा इतिहास, व्याख्या, कलम ८ मधले अपवाद, न्यायालयांचे निवाडे, शंकासमाधान. आता हे वेळापत्रक बाजूला ठेवा आणि जिल्ह्यातल्या प्रथम अपिलांवरचे गेल्या वर्षातले पन्नास-साठ आदेश मागवा. टेबलावर त्यांचे गठ्ठे करा. ३० दिवसांत उत्तरच गेले नाही, तो एक गठ्ठा. उत्तर गेले, पण नकाराचे कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील त्यात नाही, म्हणजे कलम ७(८) पाळलेले नाही, तो दुसरा. अर्ज दुसऱ्या कार्यालयाचा होता आणि कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत हस्तांतरित झाला नाही, तो तिसरा. शुल्क भरण्याचे पत्र उशिरा काढले, तो चौथा. 'माहिती उपलब्ध नाही' असे अभिलेख न शोधताच कळवले, तो पाचवा. आणि कलम ८ चा खरोखर वाद होता, तो सहावा.

गठ्ठे स्वतः करून बघा. सहावा गठ्ठा कितीसा जाड होतो ते पाहा आणि मग आपल्या वेळापत्रकात कलम ८ ला किती तास दिले आहेत ते पाहा.

पहिला गठ्ठा आणखी थोडा उकरा. अर्जावरचा आवक शिक्का आणि जन माहिती अधिकाऱ्याच्या टेबलावर अर्ज पोचल्याची तारीख यांत किती दिवस गेले ते प्रत्येक प्रकरणात मोजा. कुठे आठ, कुठे अकरा, तर कुठे अर्ज भलत्याच शाखेत फिरून आलेला. तसे निघाले तर प्रशिक्षण कोणाला हवे? सहीच्या अधिकाऱ्याला की आवक-जावक पाहणाऱ्या लिपिकाला? तो लिपिक आजवर एकाही माहिती अधिकार प्रशिक्षणाला आलेला नसतो, कारण पत्रात 'जन माहिती अधिकारी' असे पदनाम असते.

एवढे काम दोन माणसे आठवड्याभरात करतात. कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा यातून जास्त हाती लागते असे माझे ठाम मत आहे.

माहिती अधिकारात अपिलांचे आदेश असतात. इतर विषयांत काय वाचायचे?

लेखापरीक्षणातले आक्षेप, कोषागाराने परत केलेली देयके, विभागीय चौकशीचे अहवाल, 'आपले सरकार' या राज्य शासनाच्या पोर्टलवरच्या तक्रारी, २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली मुदतीत न दिलेल्या सेवांची यादी आणि त्यावरची अपिले. महसुलात मंडळ अधिकाऱ्यांनी नामंजूर केलेले फेरफार (जमिनीच्या हक्कांतल्या बदलांच्या नोंदी) आणि त्यांची कारणे. यातली कोषागाराची आक्षेप-नोंद विशेष उपयोगी, कारण तिच्यात मत नसते. देयक कोणत्या कारणाने परत गेले, एवढेच लिहिलेले असते.

पण दोष प्रशिक्षणाचा आहे की आणखी कशाचा, हे कसे ओळखायचे?

एक साधी कसोटी वापरा. उद्या खात्याचे सचिव स्वतः समोर खुर्ची टाकून बसले, तर हा माणूस हे काम बरोबर करील का? करील, तर त्याला ते येते. मग अडचण ज्ञानाची नाही, दुसरीकडे आहे.

फेरफार नोंदी प्रलंबित आहेत म्हणून तलाठ्यांचे (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) प्रशिक्षण घ्या, अशी मागणी येते. आधी प्रलंबित नोंदी चाळा. नोटिसा बजावल्याच गेल्या नाहीत? हरकतीच्या १५ दिवसांची मुदत संपूनही नोंद प्रमाणित व्हायची राहिली, म्हणजे ती मंडळ अधिकाऱ्याकडे थांबली आहे? तक्रारी नोंद म्हणून तहसीलदारांकडे सुनावणीत आहे? की एकाच माणसाकडे दोन सज्जांचा अतिरिक्त कार्यभार आहे आणि प्रणाली दुपारी बंद पडते? यातल्या बहुतेक कारणांवर तीन दिवसांच्या वर्गाचा काही उपाय चालत नाही. वर्ग घेतला तर उलट त्या तीन दिवसांत आणखी नोंदी तुंबतील.

अशा वेळी 'प्रशिक्षणाची गरज आढळून आली नाही' असे लेखी कळवण्याची हिंमत प्रशिक्षण केंद्राने दाखवली पाहिजे. ते फारसे घडत नाही, कारण त्याचे वर्षाचे उद्दिष्ट प्रशिक्षणार्थी-दिवसांत (माणसे गुणिले दिवस) मोजले जाते.

आम्ही प्रत्येक सत्रानंतर अभिप्राय फॉर्म घेतो. जवळजवळ सगळे 'उत्कृष्ट' लिहितात. ते पुरेसे नाही का?

शेवटच्या दिवसाचे साडेचार आठवा. पिशव्या दाराशी लावलेल्या, गावाकडची एसटी सहाची, आणि कार्यमुक्तीचे पत्र फॉर्म दिल्यावरच हातात पडणार. फॉर्मवर बारा व्याख्यात्यांची नावे आणि समोर चार रकाने. नावे न वाचता पहिल्या रकान्यात वरून खाली टिका पडतात. एखादा व्याख्याता आलाच नव्हता, त्याच्या जागी दुसऱ्याने तास घेतला, तरी त्यालाही 'उत्कृष्ट' मिळते. वर फॉर्मवर प्रशिक्षणार्थ्याचे नाव आणि पदनाम असते. वाईट कोण लिहील?

विस्कॉन्सिन विद्यापीठातले डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या : लोकांना ते आवडले का, ते काय शिकले, कामावर गेल्यावर वागण्यात बदल झाला का, आणि त्यातून संस्थेच्या कामाचा परिणाम सुधारला का. आपला फॉर्म पहिल्या पायरीवरच बसून असतो. ती पायरी निरुपयोगी नाही, पण आवडणे आणि शिकणे यांचा संबंध वाटतो तेवढा घट्ट नसतो. विनोदी व्याख्याता हमखास पहिला येतो.

फॉर्म ठेवायचाच असेल तर नाव काढून टाका, जेवण आणि निवास यांचा फॉर्म वेगळा करा (पुरणपोळीच्या दिवशी सगळ्याच तासांचे गुण वाढतात), आणि रकान्यांऐवजी दोन मोकळे प्रश्न विचारा : 'सोमवारी टेबलावर बसल्यावर यातले काय करणार?' आणि 'कोणता तास वगळला असता तर चालले असते?' दुसऱ्या प्रश्नाला लोक मोकळेपणाने उत्तर देतात.

पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी घ्यावी का?

घ्यावी, पण दोन पथ्ये पाळून. प्रश्न व्याख्यांचे नकोत, प्रसंगाचे हवेत. 'कलम ६(३) काय सांगते?' असे न विचारता पाणीपुरवठा विभागाचा अर्ज बांधकाम विभागाच्या हाती द्या आणि विचारा, 'आज तारीख ४, हा अर्ज काल आला आहे. तुम्ही काय कराल आणि किती तारखेपर्यंत?' आणि उत्तरचाचणी शेवटच्या दिवशी घेतली तर तीच पुन्हा तीन महिन्यांनी फोनवर घ्या. शेवटच्या दिवशीचे गुण म्हणजे ताजी आठवण. एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवले की पाठ केलेले बरेचसे पहिल्या एक-दोन दिवसांतच निसटते.

चाचणीचा आणखी एक फायदा आपल्याकडे कोणी मोजत नाही. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले. तेव्हा सकाळी पहिली पंधरा मिनिटे 'कालच्या तासांचा आढावा' म्हणून कोणीतरी भाषण करते, त्याऐवजी कोरा कागद द्या आणि काल काय झाले ते लिहायला सांगा. गुण देऊ नका. खर्च कागदाचा.

सुधारणा आपल्या प्रशिक्षणामुळेच झाली हे कसे ठरवायचे?

इथे सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून थोडे सविस्तर.

समजा जानेवारीत जिल्ह्यातली कामगिरीत सर्वांत मागची दहा कार्यालये निवडून त्यांना प्रशिक्षण दिले आणि जूनमध्ये ती वर आली. टाळ्या वाजवण्याआधी थांबा. जानेवारीत ती तळाला होती त्यात थोडा भाग योगायोगाचा असतो : मुख्य लिपिक रजेवर, इंटरनेट बंद, एकदम आलेले अर्ज. तो योगायोग जूनपर्यंत ओसरतो आणि कार्यालय काही न करताही जरा वर येते. सर्वांत पुढची दहा कार्यालये निवडली असती, तर याच कारणाने 'प्रशिक्षणानंतर कामगिरी घसरली' असे दिसले असते.

शिवाय मधल्या काळात प्रणाली बदलते, नवे तहसीलदार येतात, आचारसंहिता लागते. म्हणून 'आधी आणि नंतर' एवढी तुलना पुरत नाही. 'प्रशिक्षण मिळालेले आणि न मिळालेले' अशी तुलना लागते, आणि हे दोन गट आधी सारखे असावे लागतात.

हे अवघड वाटते, पण आपल्या पद्धतीत ते आयतेच बसते. जागा कमी असतात, त्यामुळे तुकड्या कराव्याच लागतात. १२० ग्रामसेवक आणि ३०-३० च्या चार तुकड्या असतील, तर जूनमध्ये कोण आणि नोव्हेंबरमध्ये कोण हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. ऑक्टोबरमध्ये जूनवाल्यांची तुलना नोव्हेंबरवाल्यांशी करा. शेवटी प्रशिक्षण सगळ्यांनाच मिळते, कोणावर अन्याय होत नाही. एकाच पंचायत समितीतले लोक एकमेकांना टिपणे देतात, म्हणून शक्यतो चिठ्ठ्या माणसांच्या न टाकता तालुक्यांच्या टाका. मात्र तालुके चारच असतील तर फरक चांगला ठळक असल्याशिवाय काही बोलू नका.

चिठ्ठ्यांना विरोध झाला तर? 'ज्येष्ठतेने पाठवा' असे कोणीतरी म्हणतेच. ज्येष्ठतेने पाठवले की पहिल्या तुकडीत अनुभवी आणि शेवटच्या तुकडीत नवे, म्हणजे तुलना संपली. हा मुद्दा जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना आधी समजावून सांगा आणि चिठ्ठ्या सर्वांसमोर काढा. सरकारी कर्मचाऱ्यांना सोडत नवी नाही.

भारतात असा अभ्यास कोणी केला आहे का?

सर्वांत उपयोगी राजस्थान पोलिसांचा. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी राजस्थान पोलिसांबरोबर २००५ ते २००८ या काळात ११ जिल्ह्यांतल्या १६२ पोलीस ठाण्यांत काही सुधारणा करून पाहिल्या. कोणत्या ठाण्यात कोणती सुधारणा हे सोडतीने ठरले. ठाण्यातल्या बदल्या काही काळ थांबवणे, कामाची पाळीपाळीने वाटणी आणि आठवड्याची सुटी, ठाण्यात स्थानिक नागरिकांनी निरीक्षक म्हणून बसणे, आणि तपासकौशल्य व लोकांशी बोलण्या-वागण्याचे प्रशिक्षण. मोजमाप पोलिसांना विचारून केले नाही. तक्रारदारांना घरी जाऊन विचारले, आणि काही ठिकाणी खोटे तक्रारदार पाठवून तक्रार नोंदवली जाते का ते पाहिले.

टिकाऊ परिणाम दिसला तो प्रशिक्षणाचा आणि बदल्या थांबवण्याचा. साप्ताहिक सुटी आणि नागरिक-निरीक्षक या कल्पना ऐकायला छान होत्या, पण त्या रोज राबवायच्या होत्या ठाणेदारांनी, आणि तिथे त्या विरल्या. प्रशिक्षण चालले त्याचे एक कारण हेही असावे की ते ठाण्याच्या मर्जीवर अवलंबून नव्हते. माणूस वर्गात गेला की शिकूनच परत आला.

दुसरा अभ्यास पश्चिम बंगालमधल्या बीरभूमचा, २०१६ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेला. त्यातले लोक सरकारी कर्मचारी नव्हते, पदवी नसलेले गावठी डॉक्टर होते, पण पद्धत शिकण्यासारखी आहे. नऊ महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर त्यांच्याकडे शिकवून तयार केलेले बनावट रुग्ण पाठवले. बरोबर उपचाराचे प्रमाण वाढले होते. अनावश्यक औषधे देणे मात्र कमी झाले नाही. लेखी परीक्षेत हा दुसरा निष्कर्ष कधीच सापडला नसता, कारण 'विनाकारण अँटिबायोटिक द्यावे का?' या प्रश्नाचे उत्तर सगळ्यांना माहीत असते.

शिक्षकांच्या प्रशिक्षणावर तर प्रचंड खर्च होतो. त्याचे काय दिसते?

चीनमध्ये राष्ट्रीय शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमाची सोडतपद्धतीने तपासणी झाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष कडू होता : एका वर्षानंतर शिक्षकांतही फरक नाही आणि विद्यार्थ्यांतही नाही. शिक्षकांचे म्हणणे होते की मजकूर फार सैद्धांतिक आणि शिकवणे एकतर्फी. ओळखीचे वाटते ना?

दक्षिण आफ्रिकेत नॉर्थ वेस्ट प्रांतात वेगळा प्रश्न विचारला गेला. दोन गटांच्या शिक्षकांना सारखेच पाठ-आराखडे आणि सारखेच साहित्य दिले. एका गटाला मध्यवर्ती ठिकाणी बोलावून प्रशिक्षण, दुसऱ्या गटाच्या वर्गात मार्गदर्शक स्वतः जाऊन बसणार. दोन वर्षांनी मुलांच्या वाचनात दुसऱ्या गटाची प्रगती पहिल्याच्या सुमारे दुप्पट निघाली. मार्गदर्शक पाठवायला खर्च जास्त येतो हे खरे.

आपल्याकडे केंद्रप्रमुख (शाळांच्या एका गटाचा, म्हणजे केंद्राचा प्रमुख) हे पद नेमके याच कामासाठी आहे. केंद्रातल्या शाळांत जायचे, पाठ पाहायचा, बोलायचे. प्रत्यक्षात त्यांचा किती वेळ वर्गात जातो आणि किती माहिती गोळा करून वर पाठवण्यात, याची महिनाभर नोंद ठेवणे हे कुठल्याही जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला जमणारे संशोधन आहे. नवे प्रशिक्षण आखण्याआधी मी तेच करायला सांगेन.

मास्टर ट्रेनर पद्धतीत मजकूर झिरपताना किती उरतो?

मोजल्याशिवाय सांगता येत नाही, आणि मोजणे सोपे आहे. राज्यस्तरावर तीन दिवस, जिल्ह्यात एक दिवस, तालुक्यात अर्धा दिवस आणि गावात व्हॉट्सॲपवर पीडीएफ, अशी साखळी असते. तेच दहा प्रश्न चारही ठिकाणी विचारा. कुठल्या कडीला गळती जास्त आहे ते लगेच दिसते. बहुतेकदा मजकूर टिकतो आणि सराव गळतो, कारण वेळ कमी पडला की पहिली कात्री सरावाला लागते.

हे सगळे करून पाहायला सर्वांत सोयीचे प्रशिक्षण कोणते?

निवडणुकीचे. नवल वाटेल, पण त्यात सगळे जुळून येते. हजारो कर्मचारी, ठरलेली तारीख, एकच काम, आणि चुकांची लेखी नोंद. अभिरूप मतदानात (खऱ्या मतदानाआधीच्या चाचणीत) किमान ५० मते टाकून निकाल पाहायचा, मग ती मते पुसून यंत्र मोहोरबंद करायचे, हा क्रम चुकला की गोंधळ त्याच दिवशी उघड होतो. नमुना १७-सी, म्हणजे मतांच्या हिशेबाच्या कागदामध्ये बेरीज चुकली की मोजणीच्या टेबलावर सापडते. कोणत्या मतदान केंद्रावर कोणती चूक झाली आणि ते पथक कोणत्या सभागृहात, कोणत्या सत्रात बसले होते, या दोन याद्या जोडल्या की काम झाले.

मंगल कार्यालयात पाचशे माणसे, मंचावर एक यंत्र आणि मागच्या रांगेला फक्त आवाज, असे सत्र एका बाजूला. चाळीस जणांच्या खोलीत प्रत्येकाच्या हातून यंत्र जोडून, बंद करून, मोहोर लावून घेणारे सत्र दुसऱ्या बाजूला. दोन्ही प्रकार एकाच जिल्ह्यात चालतात, फक्त त्यांची तुलना कोणी करत नाही. निवडणूक संपली की सगळे सुटकेचा निःश्वास टाकून मूळ कामावर जातात आणि याद्या तशाच राहतात.

ऑनलाइन अभ्यासक्रमांचे काय? आयगॉट या केंद्र सरकारच्या ऑनलाइन प्रशिक्षण मंचावर तर सगळा हिशेब आपोआप मिळतो.

किती जणांनी कोर्स पूर्ण केला याचा हिशेब मिळतो. व्हिडिओ एका खिडकीत चालू आणि दुसऱ्या खिडकीत पगारपत्रक, हे दृश्य कोणाला नवे नाही. तरीही ऑनलाइनचा एक खरा फायदा आहे : कोणत्या प्रश्नाला सर्वाधिक लोक चुकतात आणि व्हिडिओ कुठे सोडून देतात हे कळू शकते. ती माहिती मागून घ्या. पूर्ण केलेल्या कोर्सची संख्या जिल्ह्यांच्या स्पर्धेत लावू नका. स्पर्धा लागली की आकडा वाढतो आणि त्याचा अर्थ जातो.

चांगले शिकून गेलेला माणूसही महिन्याभरात जुन्या पद्धतीवर येतो. प्रशिक्षणात काय चुकते?

कदाचित काहीच नाही. बाल्डविन आणि फोर्ड यांनी १९८८ मध्ये आधीच्या अभ्यासांचा आढावा घेऊन सांगितले की शिकलेले कामावर उतरणे तीन गोष्टींवर ठरते : शिकणारा, प्रशिक्षणाची रचना आणि कार्यालयातले वातावरण. प्रशिक्षण केंद्राच्या हातात फक्त मधली गोष्ट आहे. नस्ती नव्या पद्धतीने लिहिली आणि साहेब म्हणाले, 'हे तिकडचे इकडे नको, पूर्वीसारखी मांडा,' की विषय संपला.

म्हणून पाठपुराव्याच्या भेटीत प्रशिक्षणार्थ्याबरोबर त्याच्या वरिष्ठालाही दहा मिनिटे भेटा. त्यांना हा माणूस कशाच्या प्रशिक्षणाला गेला होता हे आठवते का, एवढेच विचारा. आणि बदलीची तारीख जरूर नोंदवा. लेखाशाखेचे प्रशिक्षण घेतलेला लिपिक पंधरवड्यात आस्थापना शाखेत गेला असेल तर तुमच्या मूल्यमापनात तो 'बदल दिसला नाही' या रकान्यात जाईल, आणि दोष विनाकारण व्याख्यात्याच्या माथी बसेल. नामनिर्देशनाची यादीही एकदा तपासा. तीच नावे वर्षात चार वेगवेगळ्या प्रशिक्षणांना दिसली तर समजावे की कार्यालय ज्याच्यावाचून अडत नाही त्याला पाठवते आहे.

कर्मचारी खरे उत्तर देतील का? त्यांना भीती वाटते.

वाटायलाच हवी, जर तुमचा कागद त्यांच्या कार्यमूल्यमापन अहवालापर्यंत पोचणार असेल. हा नियम पहिल्या दिवशी लेखी द्या : नावानिशी माहिती नियंत्रक अधिकाऱ्याकडे जाणार नाही, अहवालात कार्यालयाचेही नाव नसेल, आणि नावे व सांकेतिक क्रमांकांची यादी एकाच व्यक्तीकडे राहील. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ आल्यापासून गूगल फॉर्मवर आधार क्रमांक आणि जन्मतारीख मागण्याची सवयही सोडायला हवी. ती माहिती तशीही कोणी वापरत नव्हते. बनावट अर्जदार पाठवून पाहणी करायची असेल तर खातेप्रमुखांची लेखी परवानगी आणि कर्मचाऱ्यांना 'या वर्षात अशी पाहणी होऊ शकते' अशी आगाऊ कल्पना, या दोन्हींशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

माणसे आणि पैसा कुठून आणायचा?

आदेशांचे गठ्ठे करण्याला पैसा लागत नाही. नमुना किती घ्यावा, फरक खरा की योगायोगाचा, यासाठी अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे जिल्हा कार्यालय जवळच असते. क्षेत्रभेटींसाठी जवळच्या महाविद्यालयातले समाजकार्य किंवा संख्याशास्त्राचे विद्यार्थी घ्या. त्यांना प्रकल्प हवा असतो, तुम्हाला त्रयस्थ माणूस. मोठ्या अभ्यासासाठी पुण्याची गोखले संस्था, मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था किंवा आयआयटी मुंबईचे ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानावर काम करणारे 'सितारा' केंद्र यांच्याशी बोलता येते. एक काळजी घ्या : ज्याने प्रशिक्षण दिले त्यानेच त्याचे मूल्यमापन करू नये. स्वतःचा पेपर स्वतः तपासला की गुण चांगलेच पडतात.

निष्कर्ष प्रतिकूल आले तर अहवाल दाबला जाईल. मग उपयोग काय?

आधीच ठरवून घ्या. अभ्यास सुरू करण्यापूर्वी खातेप्रमुखांकडून टिपणीवर मान्यता घ्या की अमुक निष्कर्ष आला तर तमुक तास वेळापत्रकातून जाईल आणि अमुक आला तर कालावधी वाढेल. निकाल लागण्यापूर्वी ही मान्यता सहज मिळते, कारण तेव्हा कोणाची बाजू पडत नाही. नंतर तीच टिपणी पुढे ठेवायची. 'प्रशिक्षण निष्फळ ठरले' असे वाक्य अहवालात लिहून काही साधत नाही. 'तिसऱ्या दिवसाचे दोन तास काढून तिथे आवक नोंदवहीचा सराव ठेवावा' असे लिहिले तर त्यावर 'मान्य' अशी सही होते.

अहवाल केवढा असावा आणि कोणत्या भाषेत?

दोन पाने, मराठीत. पहिल्या पानावर काय विचारले, कोणाला विचारले, काय सापडले. दुसऱ्यावर वेळापत्रकात करायचे बदल, जुने आणि नवे शेजारीशेजारी. प्रश्नावली आणि दहा प्रश्नांची चाचणी परिशिष्टात जशीच्या तशी जोडा, शब्दही बदलू नका. पुढच्या वर्षी सत्र संचालक बदललेला असेल, आणि त्याने तेच प्रश्न विचारले तरच दोन वर्षांची तुलना करता येईल. एक प्रत ग्रंथालयात, एक प्रत प्रत्येक व्याख्यात्याला, आणि एक ज्या कार्यालयांत भेटी दिल्या तिथे. शेवटची प्रत पाठवायची सहसा राहून जाते, आणि मग पुढच्या भेटीत तिथे कोणी धड बोलत नाही.